किमोनोत पळता येत नाही

मात्सुए, ६ ऑक्टोबर

प्रिय तोमिए मावशी,

सरोवरावरून वारा सुटायला लागलाय आणि शिंपल्यांचं सूप पुन्हा चवीचं लागतंय. तुझ्याकडे तोकामाचीला डोंगर लाल झाले असतील. फोन केला असता, पण मागच्या वेळी मी पार्सल पोचलं म्हणून ओरडत होते आणि तू मला ताप किती आहे ते विचारत होतीस. तेव्हा पत्रच बरं.

तू विणलेला निळा किमोनो काल पहिल्यांदा घातला. आमच्या किमोनो मंडळाची सहल होती, किल्ल्याच्या खंदकाकाठी. तुला माहीत आहे, मी दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या उघड्या तोंडावर वाकलेली असते. रविवारी सकाळी ओबीच्या कमरपट्ट्याचा शेवटचा वेढा आवळताना रेशीम करकरतं ना, तो आवाज ऐकला की पाठ आपोआप ताठ होते. आई गेल्यावर एवढी एकच गोष्ट मी केवळ हौस म्हणून करते. आणि काल तर सगळ्या बायका बाह्या उलटून उलटून बघत होत्या.

पण खरी गंमत पुढेच. मंडळात सेगावासान म्हणून एक नवे सभासद आलेत. पन्नाशीचे असतील. घरचं चहाच्या भांड्यांचं दुकान बंद करून आता शांतपणे राहतात. त्यांनी लांबूनच बघून विचारलं, "तोकामाचीची वीण ना? हल्ली अशी कोण विणतं?"

मी म्हटलं, "माझी मावशी."

"नाव काय त्यांचं?"

सांगितलं. ते दोनदा पुटपुटले, पाठ करावं तसं. मग म्हणाले, "मानेमागे कॉलर फार खाली गेलीय," आणि माझ्या मागे येऊन स्वतःच वर ओढली. मी दचकलेच. मंडळाच्या अध्यक्ष आदाचीबाई हसल्या. "नशीब समज चिहारू, सगळ्यांना नाही हं ते सुधारत."

असो. तुझी वीण ओळखणारा माणूस भेटला, ही बातमी तुला दिल्याशिवाय राहवेना.

तुझी,
चिहारू


तोकामाची, १५ ऑक्टोबर

चिहारू बाळा,

पत्र वाचून मी चहा दोनदा गरम केला आणि दोनदा थंड होऊ दिला. चाळीस वर्षं मागावर बसले. या गावातल्या पोरीसुद्धा आता यंत्रावरचं आणि हातचं ओळखत नाहीत. आणि तिकडे, पार दुसऱ्या टोकाला, एका बाप्यानं लांबून ओळखलं. मला एकदम सोळा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. हसू नकोस.

आता नीट सांग. लग्न झालंय का त्याचं? हात कसे आहेत? माणसाचे हात बघावेत. तू चौतीस वर्षांची झालीस आणि दुसऱ्यांचे दात मोजत बसली आहेस. तुझी आई असती तर तिनं विचारलं असतं, ती नाही म्हणून मी विचारते.

कॉलरचं मनाला लावून घेऊ नकोस. मान जरा उघडी ठेवायची सवय तुझ्या आईचीच. जाणत्या माणसाला खटकतं, आणि तो बोलून दाखवतो.

पर्सिमनची फळं सोलून वळचणीला टांगली आहेत. वाळली की पाठवते. त्यालाही दे चार.

मावशी


मात्सुए, १० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

पर्सिमन मिळाले. हवा कोरडी आहे म्हणून सगळे किमोनो बाहेर काढून दोरीवर टाकलेत, खोलीत चालायला जागा नाही.

सेगावासानना फळं दिली नाहीत. कसं लिहावं कळत नाही. सगळं सुटंसुटं घेतलं तर त्यात काहीच नाही. दवाखान्याबाहेरच्या बसथांब्यावर ते भेटतात. एकदा भेटले, ठीक. आता रोजच तिथे असतात आणि त्यांची बस कधी येतच नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी ओबीवर बांधायची एक दोरी दिली, जांभळी, फार सुंदर. सोबत चिठ्ठी, 'रविवारी हीच बांधा.' मी नाही बांधली. मुद्दाम नव्हे, रंग जुळत नव्हता. सहलीत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. नुसते उभे. मग हळू आवाजात म्हणाले, "का नाही?"

मी काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, "पुढच्या वेळी." आवाज जराही चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटत राहिलं.

आदाचीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं कोणी लक्ष देतंय तर तुला राग कसला आला?" राग नव्हता आला, मावशी.

आता रविवारी सकाळी कपाट उघडलं की आधी हेच मनात येतं की त्यांना यात खोट काढायला काय सापडेल. घरी येताना मागून लाकडी चपलांचा आवाज येतो. मी थांबले की थांबतो. किमोनोत पळता येत नाही, हे मला एवढ्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. पाऊल केवढंसं पडतं.

कदाचित माझंच डोकं फिरलंय. बाबांना मात्र ओसाकाला यातलं काही कळवू नकोस.

चिहारू


तोकामाची, १६ नोव्हेंबर

चिहारू बाळा,

काल खिडक्यांना बर्फ अडवायच्या फळ्या लावून घेतल्या. घरात दिवसाही दिवा लागतो.

तुझं पत्र वाचलं आणि मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. तुझे काका सूत रंगवायच्या शेडबाहेर दोन हिवाळे नुसते उभे राहायचे. तोंडातून शब्द फुटायचा नाही. लाजरी माणसं अशीच असतात, तोंडानं बोलता येत नाही म्हणून दोऱ्या नि फिती देतात.

आता तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. त्यानं मला पत्र लिहिलं. माझं नाव त्याला तूच सांगितलंस ना, त्यानं इथल्या विणकरांच्या संघाकडून पत्ता मिळवला. अक्षर काय सांगू, कुंचल्यानं लिहिलेलं, एक डाग नाही. सोबत मात्सुएची मिठाई. मी उत्तर दिलं. मग त्याचं आलं, मग माझं. विणीबद्दल इतकं बारीक विचारतो की लिहिताना मला दुपार पुरत नाही. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तुझ्याबद्दलही विचारतो, अगदी अदबीनं. तू बंद पडलेल्या तोफूच्या दुकानावर राहतेस, एकटीच, आणि गुरुवारी दवाखाना अर्धा दिवस असतो म्हणून तो दिवस तुला बरा, असं मी कळवलं. तुझा सात वर्षांची असतानाचा देवळातला फोटोही पाठवला, लाल किमोनोतला, चेंडू नि डमरूंच्या नक्षीचा. तो म्हणाला, फार दिवसांत इतकं सुंदर काही पाहिलं नाही.

एकदा त्याच्याबरोबर बसून चहा तर घे. चहा घेतलास म्हणून काही तुझं लग्न लागत नाही.

मावशी


मात्सुए, २१ नोव्हेंबर

मावशी,

त्याला यापुढे एक अक्षरही लिहू नकोस.

काल गुरुवार होता. दुपारी घरी आले. खालचं दार मी लावून गेले होते तसंच लावलेलं. वर जिना चढले तर माझ्या दाराच्या मुठीला एक पुडकं लटकवलेलं. आत किमोनो होता. लाल. चेंडू नि डमरू, माझ्या फोटोतले, तेच, त्याच जागी. फक्त लहान मुलीचा नाही. मोठ्या बाईच्या मापाचा.

मी तो अंगाला लावून पाहिला. का पाहिला, ठाऊक नाही. मावशी, तो मला बरोबर बसतो. बाहीची लांबी, खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप, सगळं. माझा डावा हात किंचित लांब आहे, तेसुद्धा. हे कुणाला माहीत आहे? नजरेनं मापलं असेल का त्यानं?

चिठ्ठीत एवढंच, 'रविवारी हा घालून या. केस फोटोतल्यासारखे.'

पोलिसांत गेले. बाईअधिकारी होत्या, नीट ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, लेखी ताकीद देता येईल, पण तो वारंवार मागे लागतो हे दाखवायला तुमच्या शब्दाशिवाय आणखी काहीतरी हवं. त्यांनी किमोनो ठेवून घेतला. तो माझ्या खोलीतून गेला यानंच मला रडू आलं.

मी आजपासून दवाखान्यातल्या रित्सुकोकडे राहायला जातेय. त्याच्या पत्रांची पाकिटं असतील तर फेकू नकोस. आणि दाराला कडी लाव.

चिहारू


तोकामाची, २५ नोव्हेंबर

चिहारू,

शेजारच्या ओत्सुकानं तुला काल दवाखान्यात फोन करून निरोप दिलाय. बाकीचं लिहून कळवते. लिहायला मन धजत नाही, पण ते घडलं तसं तुला कळायला हवं.

माप मी दिलं. त्यानं विचारलं होतं, सणाला तिला काही शिवून द्यावं म्हणतो. मी तुझ्या सगळ्या किमोनोंची मापं काढून पाठवली, डाव्या हाताचंही. कौतुकानं लिहिलं होतं मी ते.

काल सकाळी तुझं पत्र आलं. मी चुलीपाशी उभी राहून वाचत होते, तोवर दार वाजलं. तो होता. करडा किमोनो, वरून लांब कोट, खांद्यावर बर्फ. इतका खाली वाकून नमस्कार केला की ओत्सुकासुद्धा समोरून बघून हसली. मी पत्र ओबीत खुपसलं आणि त्याला आत घेतलं. दार लावून घ्यायला हवं होतं. पण दारात वाकलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं मला कुणी शिकवलं नाही.

शेकोटीच्या मेजाशी बसलो. मी चहा ओतायला वाकले की ओबीतला कागद वाजायचा. मला नीट ऐकू येत नाही, तरी तो मला ऐकू येत होता.

तो म्हणाला, "चिहारूसान रविवारी आल्या नाहीत."

मी म्हटलं, "हो का. कामात असेल."

"त्यांचं चालणं अजून कच्चं आहे. पाऊल बाहेर पडतं. पण सामग्री उत्तम आहे. दोन वर्षांत मी तयार करीन."

सामग्री म्हणाला, चिहारू. सुताबद्दल बोलावं तसं.

मी म्हटलं, "ती मात्सुए सोडून गेली. मैत्रिणीकडे, शिकोकूला. आता तिकडेच काम बघणार आहे."

त्यानं कप खाली ठेवला, कडा पुसली. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, तुम्ही थकलात. त्या रित्सुकोसानच्या घरी आहेत. दुसरा मजला. परवा संध्याकाळी सहाला दिवा लागला होता, पडदा पिवळा आहे."

मला मावशी म्हणाला तो.

मग उठला आणि आतल्या खोलीत गेला, विचारलंसुद्धा नाही. माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या आईच्या कपाटाचा खण ओढला. एकेक घडी उघडून बघत होता, हळुवार, चोरासारखा नाही, मालकासारखा. म्हणाला, "हे सगळे तिलाच येणार ना? मग आत्ताच ठरवून टाकू."

मी काय केलं सांगू? मी बहिरी झाले. तो बोलायचा आणि मी, "काय म्हणालात? बर्फ?" म्हणायचे. तो पुन्हा सांगायचा, मी पुन्हा, "हो, यंदा लवकर आलं बर्फ." किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला. नुसते डोळे बदलले, बाकी सगळं तसंच. मी त्या खोलीत त्याच्यासोबत एकटी आहे हे मला तेव्हा कळलं. मी ओत्सुकाच्या नावानं हाक मारली, भांडं आपटावं तशी मोठ्यानं. ती फावडं घेऊनच आली. तो आम्हा दोघींना वाकून नमस्कार करून गेला. जाताना जोडे सरळ करून ठेवले, माझेसुद्धा.

आज सकाळी मी इथल्या पोलिसांत त्याची सगळी पत्रं दिली. शब्द न् शब्द सांगितला. त्यांनी तिकडच्या बाईंना कळवलं आहे. रित्सुकोकडून निघ. कुठे जातेस ते मलाही लिहू नकोस.

मावशी


मात्सुए, ९ डिसेंबर

प्रिय मावशी,

सुखरूप आहे. मात्सुएतच, पण कुणाकडे ते खरंच लिहीत नाही; उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव.

तुझ्या जबाबामुळे त्याला ताकीद मिळाली, अठ्ठावीस तारखेला. माझ्याजवळ यायचं नाही, काही पाठवायचं नाही. त्यानंतर तो गप्प झाला. बसथांबा रिकामा. मला त्या रिकाम्या थांब्याची आणखी भीती वाटायला लागली. निदान आधी कळायचं, कुठे आहे ते.

परवा रविवारी मंडळात गेले. किमोनो नाही, पँट आणि बूट. बायका परक्या कुणाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं. आदाचीबाई म्हणाल्या, "चिहारू, असलं सगळ्यांसमोर कशाला? मंडळाचं वातावरण बिघडतं." मला वाटलं, संपलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या कोगुरेबाई, ज्या कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "तो पूर्वीही मंडळात होता, दुसऱ्या गावच्या. तिथली इवासाकी त्याला टाळायला आपल्या मंडळात आली होती. मग तिनं किमोनोच सोडला. आपण म्हटलं, हौस संपली असेल."

आदाचीबाई चहाच्या भांड्याकडे बघत बसल्या.

आणि दार सरकलं. तो होता, मावशी. समारंभाला घालतात तसला काळा पोशाख. उंबऱ्याशी बसला, वाकला, वर बघितलं ते फक्त माझ्या पायांकडे.

"किमोनो कुठे आहे?"

मला उठता येईना. बूट दाराशी काढले होते, पण ते पायात असते तरी पळता आलं नसतं. आदाचीबाई उठल्या. त्या त्याच्या आणि माझ्या मधे जाऊन बसल्या, पाठ माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "सेगावासान, आज सभा नाही."

"मी तुमच्याशी बोलत नाही."

"ते कळलं मला. मी तुमच्याशी बोलतेय."

मग कोगुरेबाई सरकत त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मग आणखी दोघी. मला त्याचा चेहरा दिसेनासा झाला, नुसत्या ओबीच्या गाठी दिसत होत्या, एका रांगेत. कुणीतरी पोलिसांना फोन करत होतं. तो पळाला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसला, आणि मधेच समजुतीनं म्हणाला, "यांच्यातल्या एकीलाही नीट बसता येत नाही."

पोलीस घेऊन गेले. ताकीद मोडली म्हणून आता प्रकरण पुढे गेलंय. आदाचीबाईंना नंतर मी धरून घरी पोचवलं. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "कॉलर ओढली तेव्हा मी हसले होते."

चिहारू


तोकामाची, १८ डिसेंबर

चिहारू बाळा,

बर्फ छपरापर्यंत आलंय. दार वाजलं की मी आधी फळीच्या फटीतून बघते, मग विचारते कोण आहे, आणि उत्तर ऐकू येत नाही म्हणून उघडत नाही. परवा पोस्टमन तासभर ओरडत होता म्हणे.

आईच्या कपाटाचे खण मी अजून लावले नाहीत. त्यानं उघडलेल्या घड्यांना हात लावावासा वाटत नाही. मला त्याची पत्रं आवडायची, चिहारू. हे मी पोलिसांना नाही सांगितलं. तुला सांगते.

तुला किमोनो पुन्हा घालावासा वाटला नाही तर घालू नकोस. मी काही म्हणणार नाही. विणलेलं कपाटात राहिलं तरी कुजत नाही.

मावशी


मात्सुए, १३ जानेवारी

प्रिय मावशी,

सरोवराच्या कडेला पातळ बर्फ धरलंय. न्यायालयाचं पत्र आलं. त्याला सक्त मनाई झाली आहे, आणि तो भावाकडे, दुसऱ्या प्रांतात राहायला गेला असं कळलं. कायमचा का, असं मी विचारलं. बाईअधिकारी खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "माहीत नाही. पण काही दिसलं तर लगेच फोन करा."

मी तोफूच्या दुकानावर परत आलेय. नवीन कुलूप आहे. पडदे दिवसाही लावलेले असतात. नवीन वर्षाच्या दिवशी पडद्याआड तुझा निळा किमोनो घातला, तासभर बसले, आणि काढून ठेवला. बाहेर जाणं झालंच नाही.

काल दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मी स्वयंपाकघरातली सुरी हातात घेतली, खरंच घेतली. दाराबाहेरून बाईचा आवाज आला. "मी इवासाकी. कोगुरेबाईंनी पत्ता दिला." माझ्याहून लहान आहे गं ती. हातात कापडाचं बोचकं. दारातच म्हणाली, "मला तीन वर्षांत ओबी बांधायची सवय राहिली नाही. तुम्ही बांधून द्याल का?"

मी तिला बांधून दिली. मग तिनं माझी बांधली. दोघींचे हात गार पडले होते, गाठ तीनदा सुटली. बांधून झाल्यावर आम्ही दाराशी बराच वेळ उभ्या राहिलो. ती म्हणाली, "मला मागे बघितल्याशिवाय चालता येत नाही." मी म्हटलं, मलाही नाही.

मग आम्ही ठरवलं. एका वळणापर्यंत तिनं मागे बघायचं आणि मी पुढे. पुढच्या वळणापर्यंत उलट. दोघींनी एकदम मागे बघायचं नाही. खंदकाच्या काठानं निघालो, हात धरून, शाळेतल्या मुलींसारख्या. मागून कुणी म्हातारा माणूस कुत्रा घेऊन आला तेव्हा माझी पाळी मागे बघायची होती आणि मी जागीच थांबले. "कोण आहे?" तिनं विचारलं. "कुत्रा आहे," मी म्हटलं. "आणि माणूस?" "माणूस कुत्र्याचाच आहे." ती हसली नाही, मीही नाही. पण चालत राहिलो.

शेवटच्या वळणावर सरोवर लागतं. तिथे पुढे बघायची पाळी माझी होती. मागे काय आहे ते तिनं सांगितलं नाही, म्हणजे काही नव्हतं. मी सरळ पुढे बघत होते, मावशी, सूर्य पाण्यात जाईपर्यंत. फार दिवसांनी.

चिहारू